ताटातलं क जीवनसत्त्व: हिशोब, खरेदी, शिजवणं आणि गोळी

घरात कुणी शिंकलं की दुसरं कुणीतरी म्हणतंच, "लिंबू पिळून घे, व्हिटॅमिन सी असतं त्यात." सल्ला वाईट नाही. पण त्यात दोन गोष्टी धरून चाललेल्या असतात. लिंबात हे क जीवनसत्त्व ठासून भरलेलं असतं ही एक, आणि त्यानं सर्दी पळते ही दुसरी. पहिली अर्धवट खरी आहे, दुसरी त्याहूनही कमी.

नुकताच स्वतःचा स्वयंपाक करू लागलेल्या, मेसच्या डब्यावर राहणाऱ्या किंवा घरातल्या म्हाताऱ्या माणसांचं जेवणखाण बघणाऱ्या लोकांसाठी हा लेख आहे. रसायनशास्त्र येत नसलं तरी चालेल, बेरीज-गुणाकार यायला हवा.

आधी थोडं: हे जीवनसत्त्व करतं काय?

आपली त्वचा, हिरड्या, रक्तवाहिन्या, स्नायूबंध, हाडं या सगळ्यांना बांधून ठेवणारं कोलॅजेन नावाचं प्रथिन असतं. त्याचे धागे नीट पिळले जाऊन घट्ट व्हायला क जीवनसत्त्व लागतं. ते नसलं तर शरीर कोलॅजेन बनवतं खरं, पण कच्चं. मग बारीक रक्तवाहिन्या पाझरू लागतात, हिरड्यांतून रक्त येतं, जखमा भरत नाहीत. रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी हे जीवनसत्त्व स्वतःत साठवून घेतात, पेशींची झीज रोखण्यात त्याचा हात असतो, आणि शाकाहारी जेवणातलं लोह अंगी लागायलाही ते मदत करतं. लोहाचा मुद्दा आपल्याकडे फार महत्त्वाचा आहे, त्यावर पुढे सविस्तर.

गाय, शेळी, कुत्रा, मांजर हे प्राणी क जीवनसत्त्व स्वतःच्या शरीरात तयार करतात. माणूस, माकडं, गिनीपिग आणि बहुतेक वटवाघळं यांना ते जमत नाही, कारण ते बनवण्याच्या शेवटच्या टप्प्यावर लागणारं विकर (एन्झाइम) आपल्याकडे तयारच होत नाही. शिवाय साठाही फार होत नाही. निरोगी माणसाच्या अख्ख्या शरीरात ते जेमतेम दीड ग्रॅम असतं. ताटातून येणं थांबलं की एक ते तीन महिन्यांत स्कर्व्हीची, म्हणजे या जीवनसत्त्वाच्या अभावानं होणाऱ्या रोगाची, लक्षणं दिसू लागतात.

याचं एक उदाहरण आपल्याच किनाऱ्यावर सुरू झालं. १४९८ च्या ऑक्टोबरात वास्को द गामा कारवारजवळच्या अंजदीव बेटावरून परतीला निघाला. वारा साथ देईना, आणि आफ्रिकेचा किनारा गाठायला जवळजवळ तीन महिने लागले. खलाशांच्या हिरड्या सुजून दातांवर चढल्या, खाणं अशक्य झालं, पाय सुजले. या एका टप्प्यात तीस माणसं गेली. मालिंदीला पोचल्यावर आजाऱ्यांसाठी किनाऱ्यावरून संत्री मागवली गेली. पुढे जहाजं हाकायला माणसंच पुरेनात म्हणून 'साओ राफाएल' हे जहाज जाळून टाकावं लागलं. गंमत अशी की पेरू, काजू आणि मिरची ही आज आपल्याकडची क जीवनसत्त्वाची मोठी साधनं त्यानंतर पोर्तुगीजांच्याच जहाजांतून अमेरिकेतून इकडे आली.

पहिली पायरी: आपल्याला किती लागतं ते ठरवा

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ पुरुषाला दिवसाला ८० मिलिग्रॅम, प्रौढ स्त्रीला ६५, गरोदरपणी ८० आणि अंगावर पाजणाऱ्या आईला ११५ मिलिग्रॅम क जीवनसत्त्व हवं. आधीच्या शिफारशीत प्रौढांसाठी ४० चाच आकडा होता, त्यामुळे जुन्या पुस्तकांत वेगळं दिसलं तर गोंधळू नका.

स्कर्व्ही टाळायला मात्र याहून फार कमी पुरतं. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटच्या काळात इंग्लंडमधल्या शेफील्ड शहरात स्वयंसेवकांना महिनोन्‌महिने या जीवनसत्त्वाशिवाय ठेवून प्रयोग झाला होता. दिवसाला १० मिलिग्रॅमनं स्कर्व्ही टळते आणि झालेली बरीही होते, असं त्यात दिसलं. म्हणजे १० हा तग धरण्याचा आकडा, आणि ६५ ते ८० हा साठा भरलेला ठेवण्याचा. या दोहोंच्या मधे आपल्यातले पुष्कळजण वर्षानुवर्षं राहतात. त्यांना आजार म्हणावा असं काही होत नाही, पण गंगाजळीही कधी भरत नाही.

धूम्रपान करणाऱ्यांना जास्त लागतं. अमेरिकेतल्या शिफारशीत त्यांच्यासाठी ३५ मिलिग्रॅमची भर घातलेली आहे. चुलीच्या धुरात आयुष्य गेलेल्या बायकांकडेही या बाबतीत लक्ष हवं. उत्तर आणि दक्षिण भारतातल्या साठीपुढच्या पाच हजारांहून जास्त लोकांची तपासणी करून २०११ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. उत्तरेत शंभरातल्या सुमारे ७४ जणांच्या आणि दक्षिणेत सुमारे ४६ जणांच्या रक्तात क जीवनसत्त्वाची कमतरता होती. तंबाखू आणि लाकूड-गोवऱ्यांच्या धुराशी तिचा संबंधही दिसला. म्हातारपणी दात जातात, कडक फळं सुटतात, एकट्यापुरतं वरणभात टाकून भागवलं जातं. घरातल्या आजीआजोबांचं ताट आधी तपासा, स्वतःचं नंतर.

दुसरी पायरी: तीन दिवसांचा हिशोब मांडा

वही घ्या, तीन दिवस जे खाल ते लिहा, आणि त्यातलं क जीवनसत्त्व मोजा. खालचे आकडे कच्च्या पदार्थाच्या १०० ग्रॅममागे, मिलिग्रॅममध्ये, ढोबळ आहेत. जात, पिकलेपण आणि साठवण बदलली की ते बदलतात. आवळ्याचंच बघा: अन्नघटकांच्या जुन्या तक्त्यांत तो ६०० च्या घरात होता, २०१७ च्या नव्या भारतीय तक्त्यांत तो २५० च्या आसपास आहे. तरी तो वरच्याच रांगेत बसतो.

आवळा सुमारे २५०. पेरू २०० च्या थोडा वर. काजूचं बोंडू दोनशेच्या आसपास. शेवग्याचा पाला शंभराच्या आसपास. ढोबळी मिरची ८० च्या पुढे. पपई पन्नासच्या आसपास. संत्रं, मोसंबं आणि फ्लॉवर ४० ते ५०. कोबी पस्तीसेक. टोमॅटो १५ ते २५. बटाटा २० च्या आत. केळं ९, सफरचंद ५. दूध, अंडी, डाळी, तांदूळ, गहू, ज्वारी, बाजरी, साबुदाणा यांत जवळपास काहीच नाही.

आता चवीवरून अंदाज बांधायची सवय सोडून द्या. आंबट म्हणजे क जीवनसत्त्व, हा आपल्याकडचा सगळ्यात मोठा गैरसमज. चिंच आंबटढाण, पण तिच्यात १०० ग्रॅममागे तीन-चार मिलिग्रॅम. पिकलेला पेरू गोड, त्यात दोनशे. आंबटपणा सायट्रिक, टार्टारिक अशा दुसऱ्याच आम्लांचा असतो.

आणि १०० ग्रॅमच्या आकड्यावरही भाळू नका, आपण एका वेळी खातो किती ते बघा. हिरव्या मिरचीचा तक्त्यातला आकडा शंभराच्या घरात जातो, पण एक मिरची भरते चार-पाच ग्रॅम, म्हणजे हातात येतात पाचेक मिलिग्रॅम. कोथिंबिरीचंही तसंच. आणि लिंबाचंही. मध्यम कागदी लिंबातून १५ ते २० मिलिलीटर रस निघतो आणि अख्ख्या लिंबातून मिळतात साधारण ५ ते १० मिलिग्रॅम. स्त्रीची दिवसाची गरज नुसत्या लिंबावर भागवायची तर निदान सात-आठ लिंबं लागतील. सकाळी कोमट पाण्यात अर्धं लिंबू पिळून "आजचं व्हिटॅमिन सी झालं" म्हणणाऱ्यांचं झालेलं असतं पाचाच्या आत. (तरी ते प्यायचंच असेल तर वर साध्या पाण्याची चूळ भरा आणि लगेच दात घासू नका. आम्लानं दातांवरचं कवच तेवढ्यापुरतं मऊ पडतं, त्यावर ब्रश चालवला की झिजतं.)

उलट बाजूला पेरू. मध्यम आकाराचा पेरू १५० ग्रॅमचा धरला तर तीनशे मिलिग्रॅम. म्हणजे पाव पेरूत एका माणसाचा दिवस निघतो आणि एका पेरूत चौघांचं घर. एका मध्यम आवळ्यात ७५ ते १००. दोन संत्र्यांत शंभराच्या वर.

नमुन्याचा दिवस बघू. सकाळी पोहे, वर लिंबाची फोड: ३. दुपारी पोळी, फ्लॉवरची भाजी, वरणभात: भाजीत कच्च्यापैकी निम्मं टिकलं असं धरलं तर २०-२५. संध्याकाळी चहा-बिस्किट: शून्य. रात्री मुगाची खिचडी, कढी, पापड: शून्य. बेरीज तिसाच्या आत. यात वाईट असं एकही जेवण नाही, चांगलं चौरस घरगुती खाणं आहे. फक्त कच्चं काही नाही आणि फळ नाही. मेसच्या डब्यात तर भाजीही बटाट्याची, सकाळी शिजवून दुपारी पुन्हा गरम केलेली. तिथे दिवसाची बेरीज दहाच्या आसपास आली तर नवल नको.

मोड आलेल्या कडधान्यांबद्दल एक टीप. कोरड्या मुगात क जीवनसत्त्व नसतं, मोड येताना ते तयार होतं. पण कच्च्या मोडांत १०० ग्रॅममागे ते साधारण १३ मिलिग्रॅमच, आणि उसळ शिजवल्यावर आणखी कमी. मोड खावेत, त्याला दुसरी चांगली कारणं आहेत. क जीवनसत्त्वासाठी त्यांच्यावर विसंबू नका.

तिसरी पायरी: ऋतू बघून पिशवी भरा

कार्तिकापासून माघापर्यंत आवळा. पेरू पावसाळ्यात येतो आणि थंडीत पुन्हा येतो, थंडीतला चवीला सरस. नागपुरी संत्र्याचा आंबिया बहार दिवाळीच्या आगेमागे आणि मृग बहार फेब्रुवारीपासून पुढे. कोकणात आणि गोव्यात मार्च ते मे बोंडू. पपई आणि कोबी बारा महिने. उन्हाळ्यात आंबा: त्यात पेरूइतकं नसलं तरी एका बैठकीत आपण खातो किती, ते लक्षात घेतलं तर बेरीज बरी होते.

किवीत क जीवनसत्त्व भरपूर असतं हे खरं, १०० ग्रॅममागे नव्वदच्या आसपास. ते पेरूच्या निम्मंही नाही, आणि दोघांच्या किमती तुम्हाला माहीत आहेत. परदेशी फळ आवडतं म्हणून जरूर खा, औषध म्हणून महाग घेऊ नका.

आवळा मोसमात स्वस्त असतो तेव्हा किसून, छोट्या डब्यांत भरून फ्रीझरमध्ये ठेवा. रोज चमचा-दोन चमचे कोशिंबिरीत, चटणीत किंवा आमटी उतरवल्यावर वरून घालता येतो. मोरावळा पाकात शिजलेला असतो, त्यात बरंच गेलेलं असतं. चवीसाठी तो उत्तम, पण ताज्या आवळ्याची जागा त्याला देऊ नका.

तयार रसाच्या खोक्यावर घटकांच्या यादीत 'आयएनएस ३००' दिसलं तर तेही क जीवनसत्त्वच. रस काळा पडू नये म्हणून ते घातलेलं असतं. शरीराला ते चालतं, पण त्याबरोबर येणाऱ्या साखरेचा आकडाही त्याच खोक्यावर छापलेला असतो, तोही वाचा.

चौथी पायरी: चिरताना आणि शिजवताना जपा

क जीवनसत्त्वाचे शत्रू म्हणजे उष्णता, पाणी, हवा, खाण्याचा सोडा आणि तांबं. यातले पहिले दोन खरे दांडगे.

जेम्स लिंड या आरमारी डॉक्टरची गोष्ट इथे सांगायलाच हवी. १७४७ साली 'सॅलिसबरी' जहाजावर त्यानं स्कर्व्ही झालेल्या बारा खलाशांच्या सहा जोड्या केल्या आणि प्रत्येक जोडीला वेगळा उपाय दिला: कुणाला व्हिनेगर, कुणाला समुद्राचं पाणी, एका जोडीला रोज दोन संत्री आणि एक लिंबू. सहा दिवसांत फळं संपली, पण तेवढ्यात त्या जोडीतला एकजण कामावर परतण्याइतका बरा झाला होता. इथपर्यंत बहुतेकांना माहीत असतं. पुढचं कमी सांगितलं जातं. लांबच्या सफरीत फळं टिकत नाहीत म्हणून लिंडनं रस तापवून, आटवून त्याचा दाट पाक करायची शिफारस केली. त्या आटवण्यातच जीवनसत्त्व मोठ्या प्रमाणात नष्ट होत होतं. ब्रिटिश आरमारात लिंबाचा रस सरसकट द्यायला १७९५ साल उजाडलं. हातात आलेलं उत्तर विस्तवावर घालवायचा हा प्रकार आपल्या स्वयंपाकघरात रोज चालतो.

म्हणून लिंबू नेहमी गॅस बंद करून पिळा. पोहे, उपमा, आमटी, काहीही असो, झाकण काढून वाफ गेली की मग लिंबू. कढईत उकळत्या रश्श्यात पिळलेल्या लिंबाची चव उरते, बाकीचं थोडंच.

भाजी आधी धुवा, मग चिरा. चिरून पाण्यात घालून ठेवलेली भाजी पाण्यालाच सगळं देऊन बसते. कोबी किंवा फ्लॉवर भरपूर पाण्यात उकळून पाणी ओतून दिलं तर निम्मं किंवा त्याहून जास्त मोरीत जातं. झाकण ठेवून वाफेवर, कमी पाण्यात, लवकर शिजवा. कुकरला उगाच नावं ठेवली जातात. पाणी बेताचं आणि वेळ कमी असेल तर तो चांगलाच आहे. बटाटे सालासकट उकडा.

हिरवा रंग टिकावा किंवा लवकर शिजावं म्हणून चिमूटभर सोडा घालायची सवय असेल तर ती मोडा. सोड्याच्या अल्कलीत क जीवनसत्त्व तग धरत नाही. तांब्याच्या भांड्यात लिंबूपाणी करू नका. तांब्यामुळे जीवनसत्त्व झपाट्यानं बाद होतं आणि आंबट पाण्यात तांबं उतरतं ते वेगळंच. पितळी पातेल्याला आपल्याकडे कल्हई लावतात ती उगाच नव्हे.

हवेचं भय मात्र थोडं वाढवून सांगितलं जातं. चिरलेलं फळ दहा मिनिटांत निकामी होत नाही. झाकून फ्रिजमध्ये ठेवलेली पपई दुसऱ्या दिवशीही आपलं बहुतेक जीवनसत्त्व राखून असते. ऑफिसला जाताना डब्यात पेरूच्या फोडी नेता येत असतील तर खुशाल न्या. "चिरून ठेवलं की सगळं उडून जातं" म्हणत फळच न नेणाऱ्यापेक्षा तुमची बेरीज कितीतरी पुढे असेल.

या सगळ्यापेक्षा सोपा उपाय म्हणजे जेवताना पानात एक कच्चा पदार्थ. कोबीची पचडी, टोमॅटोची कोशिंबीर, बारीक चिरलेली ढोबळी मिरची दाण्याच्या कुटात. वाटीभर कोबीच्या पचडीत वीस-पंचवीस मिलिग्रॅम सहज येतात. ढोबळी मिरची आपण शिजवूनच खातो, कच्ची कुणी फारशी खात नाही, हे मला नेहमी नुकसानीचं वाटतं. हंगेरीच्या आल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी या शास्त्रज्ञाला क जीवनसत्त्व मोठ्या प्रमाणात काढायला साधन हवं होतं, ते त्याला सेगेड गावच्या पॅप्रिका मिरचीत सापडलं. १९३७ चं नोबेल त्याला मिळालं त्यात या मिरचीचा वाटा आहे.

पाचवी पायरी: लोहाशी जोडी जमवा

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) १५ ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी ५७ टक्के रक्तक्षयाच्या कक्षेत आल्या. शाकाहारी जेवणातलं लोह शरीरात सहज शिरत नाही. क जीवनसत्त्व त्या लोहाचं रूप बदलून ते आतड्यातून शोषलं जाईल असं करतं. अट एकच: दोन्ही एकाच जेवणात हवीत. सकाळी खाल्लेला पेरू रात्रीच्या बाजरीच्या भाकरीच्या मदतीला येत नाही.

बाजरीची भाकरी आणि पालेभाजी असेल तर शेजारी टोमॅटो-कोबीची कोशिंबीर, वर लिंबू. अळिवाचे लाडू खाणाऱ्या बाळंतिणीला त्याच वेळी संत्र्याच्या फोडी किंवा पेरू द्या. इथे लिंबूही कामाचं ठरतं. त्यातलं प्रमाण थोडं, पण ते नेमकं जेवणात पडतं, म्हणून पोह्यांवरची फोड सोडू नका. आणि जेवणाला लागून चहा घेऊ नका, त्यातले टॅनिन लोहाला अडकवून ठेवतात. निदान तासाभराचं अंतर ठेवा. ही सवय सोडवणं पेरू खायला लावण्यापेक्षा अवघड जातं, हे मान्य.

लोहाच्या गोळ्या चालू असतील तर त्यासोबत क जीवनसत्त्वाची वेगळी गोळी घ्यावी का? २०२० साली प्रसिद्ध झालेल्या चीनमधल्या एका चाचणीत नुसती लोहाची गोळी आणि लोह अधिक क जीवनसत्त्व, दोन्ही गटांत हिमोग्लोबिन सारखंच वाढलं. तेव्हा दुसरी गोळी विकत आणण्याआधी पहिली चहा-दुधासोबत घेणं थांबवा.

सहावी पायरी: गोळी घ्यायची की नाही

औषधाच्या दुकानात मिळणारी चघळायची गोळी बहुधा ५०० मिलिग्रॅमची असते, म्हणजे पुरुषाच्या सहा दिवसांच्या गरजेहून जास्त. थोड्या प्रमाणात खाल्लेल्या क जीवनसत्त्वाचं ७० ते ९० टक्के शोषण होतं. एका ग्रॅमच्या पुढे निम्म्याहूनही कमी. साठे भरले की उरलेलं लघवीवाटे बाहेर.

सर्दीचं काय? लायनस पॉलिंग या मोठ्या रसायनशास्त्रज्ञानं १९७० मध्ये भरमसाठ मात्रेचा जोरदार पुरस्कार केला आणि तेव्हापासून हा समज जगभर रुजला. नंतर झालेल्या अनेक चाचण्यांचा कॉक्रेन संस्थेनं एकत्र आढावा घेतला. रोज गोळी घेतल्यानं सामान्य माणसाला सर्दी होण्याचं प्रमाण घटत नाही. झालेली सर्दी मोठ्या माणसांत ८ टक्के, मुलांत १४ टक्के लवकर आटोपते, तीही आधीपासून रोज घेत असाल तर. मोठ्या माणसाच्या सात दिवसांच्या सर्दीत अर्धा दिवस वाचला. शिंका सुरू झाल्यावर गोळी चघळायला लागण्याचा ठोस फायदा दिसला नाही. अपवाद मॅरेथॉन धावणारे, बर्फात सराव करणारे सैनिक अशा अति शारीरिक ताणाखालच्या लोकांचा: त्यांच्यात सर्दीचं प्रमाण निम्म्यावर आलं.

गोळीची खरी गरज पडते ती खाणंच अपुरं असलेल्यांना: एकटे राहणारे वृद्ध, दारूच्या व्यसनात जेवण सुटलेले, ठरावीक दोन-तीन पदार्थांपलीकडे काही न खाणारी मुलं, आतड्याच्या आजारामुळे शोषण बिघडलेले रुग्ण. तिथे डॉक्टर मात्रा ठरवून देतात आणि गुण लवकर दिसतो.

स्वतःच्या मनानं घेत असाल तर काही गोष्टी लक्षात ठेवा. दिवसाला २००० मिलिग्रॅम ही प्रौढांसाठीची वरची मर्यादा मानली जाते. त्याच्या पुढे जुलाब, पोटात कळा. मुतखडा होऊन गेलेल्यांनी या गोळ्यांपासून लांब राहावं, कारण जादा क जीवनसत्त्वाचं काही अंशी ऑक्झलेट बनतं, आणि बरेचसे मुतखडे त्याचेच असतात. स्वीडनमधल्या पुरुषांच्या एका अभ्यासात (२०१३) गोळ्या घेणाऱ्यांत खड्यांचं प्रमाण सुमारे दुप्पट आढळलं. मूत्रपिंडाचे रुग्ण, वारंवार रक्त चढवावं लागणारे थॅलेसेमियाचे रुग्ण आणि जी६पीडी विकराची कमतरता असलेले यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय मोठी मात्रा घेऊ नये. पाण्यात फसफसणाऱ्या गोळ्यांत सोडियम असतं, रक्तदाबाच्या रुग्णांनी पाकीट वाचावं. चघळायची गोळी दातांशी घोळवत बसू नका, तीही आम्लच आहे.

लिंबाची साल चेहऱ्यावर चोळण्याबद्दल विचाराल तर: नको. लिंबाचा रस लागलेल्या त्वचेवर ऊन पडलं की भाजल्यासारखे डाग उठू शकतात.

सातवी पायरी: बाळ, लक्षणं आणि डॉक्टर

आईच्या दुधातून बाळाला क जीवनसत्त्व मिळतं, गाईच्या दुधात ते फार कमी आणि उकळल्यावर त्याहून कमी. सहा महिन्यांनंतर वरचं सुरू कराल तेव्हा नुसत्या दूध-भातावर थांबू नका. कुस्करलेली पिकलेली पपई हा सोपा प्रारंभ. वर्षाच्या आतल्या बाळाला रस काढून देण्यापेक्षा मऊ फळच द्या. पाय हलवताना रडणारं, उभं राहायला नकार देणारं, फक्त उकळलेल्या दुधावर वाढलेलं मूल दिसलं तर बालरोगतज्ज्ञांना त्याचं खाणं सविस्तर सांगा.

मोठ्यांत सुरुवातीची लक्षणं कुठल्याही आजारासारखीच: थकवा, चिडचिड, सांधे दुखणं. पुढे केसांच्या मुळांशी लाल ठिपके, नागमोडी वळलेले केस, कारण नसताना उठणारे काळेनिळे डाग, सुजून जांभळ्या झालेल्या हिरड्या, न भरणाऱ्या जखमा. पण नुसतं ब्रश करताना रक्त येतं म्हणून लगेच स्कर्व्ही समजू नका. आपल्याकडे हिरड्यांतून रक्त येण्याचं नेहमीचं कारण दातांवर साचलेलं कीटण असतं, आणि त्याला पेरू नव्हे, दातांचा डॉक्टर लागतो. मिश्री लावणाऱ्यांनी तर आधी तिकडेच जावं.

डॉक्टरकडे जाताना तीन दिवसांची ती वही सोबत न्या. "जेवण व्यवस्थित आहे" या उत्तरापेक्षा तिच्यातून त्यांना जास्त कळेल. आणि मोठ्या मात्रेच्या गोळ्या चालू असतील तर तपासणीआधीच सांगा: काही ग्लुकोमीटरवर साखर खोटी जास्त दिसू शकते, आणि लघवीच्या पट्टीवर किंवा शौचातलं छुपं रक्त शोधायच्या तपासणीत असलेलंही नाही असं येऊ शकतं. गोळ्या किती दिवस आधी बंद करायच्या, ते लॅबवाल्यांना विचारून ठेवा.